एकही तुकडा उरला नाही

१

आमच्या घरातली रविवारची सकाळ लाकूड शोधण्यात जाते. लोक सिनेमाला जातात, नातेवाइकांकडे जातात. आम्ही इतरांच्या मागच्या अंगणात काय टाकून दिलंय ते बघत फिरतो. पुढे सासरे, त्यांच्यामागे माझा नवरा, त्याच्यामागे मी. लग्नानंतरचं आमचं पहिलं फिरणं असं फरशीच्या दुकानामागच्या बोळात, तुटक्या खोक्यांच्या ढिगाभोवती झालं. मैत्रिणींनी विचारलं, कुठे जाऊन आलात? मी म्हटलं, बाहेर.

सासऱ्यांना लाकडातलं सगळं कळतं, आणि जे कळत नाही तेही ते समजावून सांगतात. फळी आधी वाजवून बघायची. भरीव आवाज आला तर घ्यायची, भदभद वाजली तर आत वाळवी जेवून गेलेली आहे. मग वास घ्यायचा. तेलाचा किंवा औषधाचा वास आला तर ती फळी भाजीच्या वाफ्याजवळ आणायची नाही. दुकानदाराशी आधी हवापाण्याचं बोलायचं, मग त्याच्या गुडघ्यांचं, आणि अगदी निघता निघता लाकडाचं. "फुकट ते पौष्टिक," हे ते इतक्या आनंदाने म्हणतात, की समोरचा हसत हसत फळी देऊन टाकतो आणि वर गाडीत चढवूनही देतो.

बागेतला बाक अशाच लाकडाचा होता. कुंड्यांची घडवंची, वेलीचा मांडव, खताची पेटी, सगळं तसंच. पुढचा नंबर माझ्या खोलीचा होता.

ती खोली मला फार हवी होती. मी घरी बसून ध्वनिमुद्रणं टाइप करते: सभा, मुलाखती, डॉक्टरांनी बोलून ठेवलेले अहवाल. कानाला हेडफोन लावायचा आणि ऐकलेला शब्द न् शब्द उतरवायचा. त्याला शांतता लागते. सासरचं घर प्रेमळ आहे, शांत नाही. मी जेवणाच्या टेबलावर बसायचे आणि समोर सासूबाई मटार सोलत बोलत असायच्या. एका डॉक्टरांच्या अहवालात मी 'रुग्णाचे निम्मे मटार किडके निघाले' असं टाइप करून पाठवलं, तेव्हा नवरा म्हणाला, "बागेत खोली बांधूया तुझ्यासाठी."

"बांधू," सासरे म्हणाले. "पण नव्या लाकडाचं नाव काढायचं नाही."

सासूबाई थोड्या खट्टू झाल्या. मी मुळातच कमी बोलते. उत्तर मला सुचतं, पण ते तोंडापर्यंत येईस्तोवर विषय पुढे निघून गेलेला असतो. सासूबाईंना सून हवी होती ती चार गप्पा मारायला. "आणि मिळाली ही अळीमिळी गुपचिळी," त्या हसून म्हणायच्या. राग नव्हता त्यात. पण तेव्हापासून सासऱ्यांनी मला गुपचिळी म्हणायला सुरुवात केली, आणि मला मनातून वाटत राहिलं की या घराला मी आवडते खरी, पण थोडी कमी पडते.

२

सासऱ्यांचा एक नियम आहे, तो दुसऱ्या कुठल्या घरात असेल असं मला वाटत नाही. जुन्या फळीला जुनं भोक असेल तर नवं पाडायचं नाही. स्क्रू त्याच भोकात गेला पाहिजे. त्यासाठी फळी इकडची तिकडे होईल, खालची वर जाईल, प्रसंगी अख्खा आराखडा बदलेल, पण ड्रिल मशीन कपाटातून बाहेर येणार नाही. "एकदा सुई टोचलीय बिचारीला," ते म्हणतात. "पुन्हा कशाला?" त्यामुळे आमचा बाक एका बाजूला जरा उंच आहे आणि त्यावर बसलेले पाहुणे हळूहळू एकमेकांकडे सरकतात.

खोलीसाठी लाकूड गोळा व्हायला लागलं तेव्हा नशीब जोरावर होतं. नर्सरीवाल्याने रोपं ठेवायचे जुने बाक मोडले होते, त्याच्या फळ्या मिळाल्या. मागच्या गल्लीतल्या एका आजोबांनी कोंबड्यांचं खुराडं काढलं, ते सगळंच्या सगळं आलं. एका शिवणकामाच्या दुकानाने माळा पाडला. शाळेच्या कुंपणाला कोणीतरी खिडकीची चौकट टेकवून ठेवली होती, ती पहारेकऱ्याने "न्या एकदाची" म्हणून दिली. आम्ही खिळे उपसले, रंधा मारला, काचपेपर घासला. रंगाच्या थरांखाली सगळं लाकूड एकाच रंगाचं निघालं, मधासारखं.

पहिली भिंत जमिनीवर आडवी मांडली तेव्हा नवरा म्हणाला, "बाबा, हे बघा गंमत."

नर्सरीची फळी त्याने खुराड्याच्या फळीवर ठेवली होती. भोकावर भोक. दुसरी ठेवली, तेच. माळ्याची तुळई ठेवली, तर तिच्या खाचेत खुराड्याचा खांब असा जाऊन बसला की जणू सकाळीच काढून ठेवला होता.

"याला म्हणतात योग," सासरे म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते.

मी दोन फळ्यांच्या भोकांतून करंगळी घातली. कडा कुठेही लागली नाही. मग मला त्यांनीच शिकवलं होतं म्हणून मी खुराड्याच्या फळीचा वास घेतला. तेलाचा वास नव्हता, औषधाचा नव्हता. कोंबड्यांचाही नव्हता.

मी स्वतःला समजावलं. सुतार म्हणजे सवयीचा माणूस, सगळे एकाच मापाने भोकं पाडत असतील. रंध्याने वरचा थर गेला की वासही जाणारच. मी हे मनात नीट मांडलं, पण बोलून दाखवायचं म्हटलं तर तोवर ते दोघं दुसऱ्या भिंतीवर गेले होते.

नवऱ्याच्या आराखड्यात खिडकी झाडाकडे होती. चौकट तिकडे बसेना. काटकोनाचा गुण्या लावून बघितला, पातळीसाठी पाणसळ लावून बघितली, दोघांनी मिळून रेटलं, नाही. स्वयंपाकघराच्या बाजूला नेली आणि ती हाताने ढकलताच टक करून बसली.

"बरंच झालं," सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या. "येता-जाता दिसशील तरी मला."

३

खोली छान झाली. छोटीशी, चार भिंती, उतरतं छप्पर, टेबलाच्या जागी एक रुंद फळी. सासऱ्यांनी सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून दाखवली आणि प्रत्येकाला काय काय फुकट मिळालं ते पहिल्यापासून सांगितलं. शेजारची बाई म्हणाली, "सुनेची मजा आहे." सासरे म्हणाले, "आहेच. आयत्या बिळावर नागोबा." सगळे हसले, मीही हसले.

पाहुणे गेल्यावर मी अंगण झाडायला घेतलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की झाडण्यासारखं काही नाही.

लाकूडकाम झालं की मागे पसारा राहतो. आमच्या बाकाच्या वेळी एवढे तुकडे उरले होते की त्यांच्यातून पक्ष्यांची घरटी झाली, दाराला लावायच्या पाचरी झाल्या, आणि तरीही एक पोतं अजून जिन्याखाली आहे. या वेळी फळी उरली नव्हती. तुकडा उरला नव्हता. करवत चालवावीच लागली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. उपसलेले खिळे आम्ही डब्यात ठेवले होते. जुनेच खिळे वापरायचे हाही एक नियम आहे. तो डबा मी उघडून बघितला. रिकामा.

"बाबा, काहीच उरलं नाही," मी म्हटलं.

"हिशेबी माणसं आपण," ते खूश होऊन म्हणाले.

पण आम्ही हिशेब केला नव्हता. जे मिळेल ते आणलं होतं, आणि मिळायचं थांबलं तेव्हा थांबलो होतो.

४

आत बसल्यावर या सगळ्याचं मला हसू आलं. इतकी सुंदर शांतता मी कधी ऐकली नव्हती. रस्त्यावरून ट्रक गेला तर खोलीत तो कुणी सांगितलेल्या गोष्टीसारखा येई, लांबून. माझं काम दुप्पट वेगाने होऊ लागलं. दुपारी सासूबाई खिडकीच्या कट्ट्यावर चहा ठेवून जायच्या. मी हेडफोन न काढता मान हलवायचे. सुखाची व्याख्या माझ्यापुरती इथे संपत होती.

एका दुपारी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले. परत आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या.

"तू म्हणालीस तसं केलं हो," त्या म्हणाल्या. "पातेल्यावर लाकडी चमचा आडवा ठेवला. दूध उतू गेलं नाही बघ."

माझा जबडा सुन्न होता. मी तसंच विचारलं, "मी कधी म्हटलं, आई?"

"अगं, मघाशी. चहा ठेवायला आले तेव्हा. एवढी कशी विसरतेस? चांगल्या गप्पा मारल्यास की. मला तर बरं वाटलं, म्हटलं आली एकदाची वाचा."

कट्ट्यावरचा कप रिकामा होता. तळाशी चहाची गोल रेघ होती, अजून ओली.

ती चमच्याची युक्ती मला माहेरापासून ठाऊक होती. या घरात आल्यापासून रोज दूध उतू जाताना ती माझ्या मनात यायची. पण मी ती कुणाला सांगितली नव्हती. नव्या सुनेने सासूला दूध तापवायला शिकवू नये, एवढं मला कळतं.

मी तर्क केला: आदल्या दिवशी मी बोलले असेन, आणि सासूबाईंची वेळेची गल्लत झाली असेल. त्यांना चष्मा बदलायचाच आहे. खिडकीच्या काचेत पडद्याची सावली माणसासारखी दिसू शकते. आणि चहा मांजराने प्यायला असेल. मांजर बशीतलं पितं, कपातलं नाही, हे मला माहीत होतं. पण तर्क करायला बसलं की माणूस मांजराला बरंच काही करायला लावतो.

५

त्यानंतर घरात माझं कौतुक वाढत गेलं.

सासरे एकदा जेवताना आपले आपणच हसायला लागले. "गुपचिळीने आज काय विनोद सांगितला," ते म्हणाले, आणि सांगू लागले. तो विनोद मी त्यांच्यावरच रचला होता, आमच्या कलत्या बाकावरून. मनातल्या मनात, लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात. त्यांना तो स्वतःवर असूनही फार आवडला होता. सासूबाईंनी हॉलचे पडदे बदलले. "तुला तो हिरवा रंग आवडत नव्हता, तर आधी सांगायचंस ना, वेडे." तो रंग मला खरंच आवडत नव्हता. सुरुवातीला मी "मी नाही बोलले" असं म्हणून बघितलं, पण त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आता लाजू नकोस पुन्हा."

विचित्र वाटायचं ते असं, की एकही गोष्ट खोटी नव्हती. कोणीतरी माझ्या मनातलं, मी जपून ठेवलेलं, एकेक काढून देत होतं. आणि देण्याची पद्धत माझ्यापेक्षा बरी होती. मी बोलले असते तर अडखळले असते, कुणाला तरी टोचलं असतं. ते शब्द मात्र लोकांना गोड लागत होते. या घराला जी सून हवी होती ती त्यांना मिळाली होती. फक्त ती बोलत असताना मी नेमकी दुसरीकडे असायचे. पोस्टात, किराणा दुकानात, वरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत.

मग एक दिवस नवरा कामावरून आला आणि दारातच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. कान लाल होणं म्हणजे तो फार खूश आहे.

"दुपारी तू जे बोललीस ना," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं, तुला माझ्याबद्दल असं वाटतं."

त्या दुपारी तो फाइल न्यायला घरी येऊन गेला होता. त्या दुपारी मी शिंप्याकडे होते.

"काय बोलले मी?" मी विचारलं.

"आता पुन्हा वदवून घेतेस होय?"

"सांग ना."

"नाही सांगत जा," तो हसला. "ते तुझ्या तोंडूनच चांगलं वाटतं."

त्याच्याबद्दल मला जे वाटतं ते मी त्याला सांगायचं ठेवलं होतं. शब्दही जमत आले होते. आता ते त्याला मिळून गेले होते, आणि ते कोणते, हे जगात मला सोडून दोघांना माहीत होतं. मला भीती वाटायला हवी होती. मला आधी राग आला, शेजारणीने आपली साडी न विचारता नेसावी तसा. भीती रागाच्या मागून आली, पण आल्यावर मग गेली नाही.

६

पुढच्या आठवड्यात भंगारवाला आला. गावातलं निम्मं जुनं लाकूड त्याच्या हातातून जातं; सासऱ्यांचं त्याच्याशी जुनं सख्य आहे, म्हणजे ते त्याच्याकडून कधी काही विकत घेत नाहीत आणि तो ते मनावर घेत नाही. रद्दी न्यायला आला होता. सासरे त्याला हाताला धरून बागेत घेऊन गेले. मी मागोमाग गेले.

तो वेलीच्या मांडवाखालीच थांबला.

"चल की पुढे," सासरे म्हणाले. "आतून बघ."

"इथून दिसतंय," तो म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "साहेब, हे लाकूड कुठलं?"

सासऱ्यांना एवढंच हवं होतं. नर्सरी, खुराडं, माळा, शाळेची चौकट, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. भंगारवाला प्रत्येक नावाला मान हलवत होता, आधीच माहीत असलेली बातमी ऐकावी तसा.

"मीच विकलं होतं," तो म्हणाला. "नर्सरीला मी, शाळेला मी. एकेका गिऱ्हाइकाला थोडं थोडं."

"एकच माल होता म्हणजे. तरीच जुळलं," सासरे मला म्हणाले. "बघ गुपचिळी, काय नजर आहे माझी. गावभर विखुरलेलं बरोबर वेचून आणलं."

"मी मुद्दाम विखुरलं होतं," भंगारवाला म्हणाला.

सासरे हसले. त्यांना वाटलं, हा भाव वाढवतोय.

"एक फळी काढून द्या मला, साहेब. कुठलीही. वाटलं तर बदल्यात नवी देतो, सागवानी."

"तू आणि फुकट सागवान," सासरे म्हणाले. "म्हणजे हे नक्कीच काहीतरी भारी लाकूड आहे. अजिबात देणार नाही."

ते पाणी आणायला आत गेले. भंगारवाला टोपी हातात घेऊन उभा होता. खोलीच्या खिडकीकडे त्याने जाणूनबुजून पाठ केली होती.

"आत कोण बसतं, वहिनी?" त्याने हळूच विचारलं.

"मी."

"ते झालं. आत्ता कोण बसलंय?"

मी खिडकीकडे बघितलं. काचेत आभाळ होतं. पडदा स्थिर होता, पण मधोमध थोडा फुगलेला, कुणाचा तरी खांदा टेकल्यासारखा.

"मी इथे तुमच्याजवळ आहे," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

"तेच म्हणतो," तो म्हणाला, आणि पाण्यासाठी न थांबता निघून गेला.

७

मी त्या रात्रीच्या जेवणात, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, आपणहून विषय काढला. म्हटलं, "बाबा, खोलीची एक फळी काढूया का? हवा खेळती राहील."

तिघांनी जेवण थांबवून माझ्याकडे बघितलं.

"अगं, कालच तर म्हणालीस," सासूबाई म्हणाल्या, "की कोणी काही म्हणालं तरी एकही फळी हलवू देऊ नका. माझा हात धरून म्हणालीस."

"दोनदा म्हणालीस," सासरे म्हणाले. "मलासुद्धा."

नवरा फक्त हसत होता, बायकोच्या लहरी आवडायला लागलेल्या माणसासारखा.

म्हणून दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मीच स्क्रू ड्रायव्हर घेऊन खोलीच्या मागच्या बाजूला गेले. ऊन स्वच्छ होतं. शेजारच्या घरात कुणीतरी गालिचा झटकत होतं. मी खालची एक फळी निवडली आणि पहिला स्क्रू फिरवला. तो लोण्यातून निघावा तसा निघाला.

तेवढ्यात आतून फळीवर टकटक झाली. जोराने नाही. न्हाणीघराचं दार कुणी बाहेरून ढकललं तर आतला माणूस वाजवतो ना, आहे हं मी आत, तसं. सभ्यपणे.

मी स्क्रू मुठीत धरून उभी राहिले. मग पलीकडून, खिडकीच्या बाजूने, मला नवऱ्याचं हसणं ऐकू आलं. तो आज लवकर आला होता. मी भिंतीच्या कडेकडेने पुढे गेले.

तो खिडकीच्या कट्ट्यावर कोपर टेकून उभा होता, पाठमोरा, अगदी निवांत. चहाचा कप त्याने आत धरला होता आणि पडद्याच्या आडून एक हात तो घेत होता. मनगटापर्यंतच दिसला. बाही माझ्या निळ्या सदऱ्याची होती, तीच उसवलेली शिवण, तीच गुंडी. मी खाली बघितलं. निळा सदरा माझ्या अंगात होता.

मी त्याला हाक मारली. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कुणालाही हाक मारली नव्हती.

तो वळला. त्याने माझ्याकडे बघितलं. मग खिडकीत बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, ती नंतर आली. त्या क्षणी तिथे फक्त घोळ होता. दुकानात दोन सारख्या वस्तू पुढे ठेवल्या की होतो तसा.

"कोण गं ते ओरडतंय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून सासूबाईंनी विचारलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. खोलीकडे बघत होत्या.

"कुणी नाही, आई," खोलीतून उत्तर आलं. आवाज माझा होता. गोड होता, हसरा होता, एकदाही अडखळला नाही.

८

नवरा माझ्याकडे आला. हे मी आधी सांगते, कारण तेवढंच महत्त्वाचं आहे. कप कट्ट्यावर सोडून तो आला, माझ्या मुठीतून स्क्रू काढून घेतला आणि मनगट घट्ट धरलं. मग आम्ही दोघांनी आत जाऊन बघितलं. टेबल होतं, खुर्ची होती, हेडफोन होता. खुर्ची थोडी मागे सरकवलेली होती, कुणी उठून गेल्यासारखी. "सावली असेल," तो म्हणाला. "असेल," मी म्हटलं. आम्ही दोघंही त्या खोलीत बसलो नाही.

फळी मी काढते. अधूनमधून, दुपारी. संध्याकाळी सासरे बागेत फिरायला निघतात, फळी गवतात पडलेली बघतात आणि आनंदाने बसवून टाकतात. "कशी सैल होते कळत नाही," ते म्हणतात. "पण भोकं तयार आहेत, काही त्रास नाही." एकदा मी ती फळी कचऱ्याच्या गाडीत टाकली. रविवारी ते ती काखेत मारून घरी घेऊन आले. कुठेतरी फुकट मिळाली होती. हुबेहूब आपल्या मापाची आहे, हे त्यांनी शेजारपाजारी सगळ्यांना दाखवलं.

म्हणून मी दुसरा उपाय धरला. मी बोलायला लागले.

आधी जड गेलं. पण आता सकाळी उठल्यापासून मी बोलते. दुधाबद्दल बोलते, पडद्यांबद्दल बोलते, शेजारणीच्या सुनेबद्दल तर फारच. मनात आलेलं मनात ठेवतच नाही. शिल्लक राहिलं की कुणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. जेवणाच्या टेबलावर बसून टाइप करते आणि टाइप करता करता बोलते. डॉक्टरांचे अहवाल पुन्हा बिघडले आहेत. नवऱ्याला जे सांगायचं होतं ते मी त्याला सांगितलं, अडखळत, मधले दोन शब्द चुकवून. त्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे वेगळं आहे." त्याचे कान लाल झाले होते. आता तो बोलण्याआधी दरवेळी माझ्या हाताला हात लावून बघतो. लोक म्हणतात, नवीन लग्न आहे, चालायचंच.

सासूबाईंना तर स्वर्ग दोन बोटं उरला आहे. चहा घेऊन त्या बागेत जात नाहीत, कारण गप्पा इथेच आहेत. कधी कधी त्याच दमतात. "अगं, पुरे," म्हणतात. "श्वास तरी घे जरा."

मी घेते. घ्यावाच लागतो. आणि दिवसभर कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या माणसाला एक आवाज नीट ओळखता येतो: कुणीतरी बोलण्याआधी आत घेतलेल्या श्वासाचा. तेवढ्याशा फटीत, स्वयंपाकघराच्या उघड्या खिडकीतून, बागेच्या बाजूने तो येतो. दरवेळी येतो. माझा श्वास अर्धा होतो न होतो, तोच मी पुन्हा बोलायला लागते.